परदेशीं विद्यार्जनास जाण्यापूर्वीं



बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेचे जुने विद्यार्थी व त्यांचे आईबाप सल्लामसलतीसाठीं आमच्याकडे येतात, ही या शाळेची जुनी चाल आहे. पूर्वीं त्यांचा प्रश्न "कोणत्या कॉलेजांत जावें?" एवढाच असे. अलीकडे "कोणत्या देशांत जावें?" असें विचारणारे वाढूं लागले आहेत, आणि त्यांत डॉक्टर-वकिलांप्रमाणेंच ऊंस पिकविणारे शेतकरी, किराणा दुकानदार व एस्. टी. चे कंडक्टरहि आहेत. विद्येची ओढ समाजाच्या सर्व थरांत पोहोंचली, याचा आम्हांस आनंद वाटतो. परंतु त्या आनंदांत थोडी काळजीहि मिसळलेली आहे. परदेशच्या शिक्षणास लागणारा पैसा पुष्कळ घरांत जमीन किंवा राहतें घर गहाण टाकून उभा करावा लागतो. तेव्हां निवड चुकली म्हणजे मुलाचीं उमेदीचीं वर्षें तर वायां जातातच, शिवाय सगळें कुटुंब कर्जाखालीं सांपडतें. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार यंदाच्या अंकांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभीं एका जुन्या अर्जाची हकीकत सांगतों. सन १८८३ च्या जून महिन्यांत अठरा वर्षांची एक मराठी स्त्री न्यू यॉर्क बंदरांत उतरली. तिचें नांव आनंदीबाई जोशी. त्याच महिन्याच्या २८ तारखेस आनंदीबाईंनीं पेन्सिल्व्हेनियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. शाळेंतलें नियमित शिक्षण त्यांना फारसें लाभलें नव्हतें. आपण काय काय शिकलों आहों, तें त्यांनीं त्या पत्रांत जसेंच्या तसें मांडलें. प्रवेशाच्या सर्व अटी आपणांकडून कदाचित् पुऱ्या होणार नाहींत, हेंहि लपविलें नाहीं. पुरुष वैद्याचा हात लागण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस औषधोपचार मिळावा, यासाठीं आपण इतक्या दूर आलों, एवढें मात्र त्यांनीं स्पष्ट सांगितलें. महाविद्यालयानें त्यांना घेतलें. आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली.

या हकीकतींत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, आनंदीबाईंनीं संस्था निवडली ती तिच्या नांवलौकिकाकडे पाहून नव्हे, आपला हेतु कोठें सिद्धीस जाईल तें पाहून. त्या काळीं हार्वर्डचें नांव सर्वतोमुखीं होतें. परंतु हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेचें दार स्त्रियांस उघडलें तें १९४५ सालीं. उलट पेन्सिल्व्हेनियाचें तें महाविद्यालय १८५० सालीं स्त्रियांना वैद्यकी शिकविण्यासाठींच निघालें होतें. आनंदीबाईंच्या दृष्टीनें खरें प्रतिष्ठित विद्यापीठ तेंच. दुसरी गोष्ट अशी कीं, अर्जांत त्यांनीं सत्य लिहिलें. या दोन गोष्टी ज्याला साधल्या, त्याचें निम्मे काम झालें असें आम्ही समजतों.

आतां निवडीसंबंधीं पाहूं. विद्यार्थी आमच्याकडे येतात ते बहुधा जगांतील विद्यापीठांच्या क्रमवारीचा कागद हातीं घेऊनच येतात. हे क्रम कसे लावतात, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. शांघाय येथून २००३ सालापासून निघणाऱ्या क्रमवारींत नोबेल पारितोषिकें व गणितांतील फील्ड्स पदकें मिळविणारे किती, आणि ठराविक नामांकित नियतकालिकांत निबंध किती छापून आले, यांवर मोठा भर असतो. लंडनहून निघणाऱ्या 'क्यू. एस्.' च्या क्रमवारींत जगभरच्या अध्यापकांचें मत विचारतात, व त्या मतास सर्वांत जास्त गुण देतात. संशोधकास या गोष्टी उपयोगी आहेत यांत शंका नाहीं. परंतु तुम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गांत बसल्यावर तुमची वही कोण तपासणार, न समजलेलें पुन्हां कोण समजावून सांगणार, याचें उत्तर त्या कागदावर नसतें. शिवाय सबंध विद्यापीठाचा क्रम एक, आणि तुमच्या विषयाच्या शाखेची योग्यता दुसरी, असें पुष्कळ ठिकाणीं आढळतें. म्हणून क्रमवारीचा कागद जरूर पाहावा, पण तो पाहून झाल्यावर बाजूस ठेवावा व पुढील तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : या संस्थेची पदवी कोण मानतो? इंग्लंडांत पदवी देण्याचा अधिकार कायद्यानें ज्या संस्थांना आहे, त्यांची यादी तेथील सरकारच प्रसिद्ध करतें. अमेरिकेंत ही तपासणी स्वतंत्र मान्यता-मंडळें करतात, आणि मान्य झालेल्या संस्थांची सूची तेथील शिक्षणखातें ठेवतें. या याद्या घरबसल्या व फुकट पाहतां येतात. त्यासाठीं दलालास एक पैसाहि देण्याचें कारण नाहीं. परदेशांत मान्य असलेली पदवी आपल्या देशांतहि मानली जाते कीं नाहीं, हें मात्र वेगळें पाहावें लागतें. वैद्यकीचेंच उदाहरण घ्या. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें परदेशांतील अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे, आणि त्याच संस्थेंत १२ महिने उमेदवारी झाली पाहिजे. नीट परीक्षा उत्तीर्ण होणेंहि आवश्यक आहे. हें न पाहतां जो जाईल, तो पदवी घेऊन परत येईल, पण येथें दवाखाना उघडूं शकणार नाहीं.

मध्यंतरीं एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलासह आमच्याकडे आले. त्यांच्या हातीं गुळगुळीत कागदावर छापलेली एक पुस्तिका होती. तींतील विद्यापीठाचें नांव एका विख्यात विद्यापीठाच्या नांवाशीं इतकें मिळतें-जुळतें होतें कीं, प्रथम आम्हीहि फसलों. पंधरा दिवसांत अनामत भरली नाहीं तर जागा जाईल, असें त्यांना दलालानें सांगितलें होतें, व त्यासाठीं ते दोन एकर मळ्याची जमीन गहाण टाकण्याच्या बेतांत होते. आम्हीं त्यांच्यासमोरच सरकारी यादी उघडली. तींत तें नांव नव्हतें. मुलाचा चेहरा उतरला, बापानें मात्र पुस्तिका मिटून शांतपणें विचारलें, "म्हणजे नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, असेंच ना गुरुजी?" त्या प्रश्नास आम्हांस निराळें उत्तर द्यावें लागलें नाहीं. जमीन वांचली. मुलगा येथील कॉलेजांत गेला व आतां पदवीच्या शेवटच्या वर्षांत आहे. यंदा तो स्वतः चौकशी करून, स्वतःच्या हातानें अर्ज लिहीत आहे.

सर्वांचेंच इतक्यावर निभावतें असें नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें 'ट्राय-व्हॅली' नांवाचें एक विद्यापीठ होतें. परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना त्यानें खोट्या माहितीवर मिळविला होता. २०११ च्या जानेवारींत तेथें सरकारी धाड पडली, आणि शेंकडों विद्यार्थी उघड्यावर आले. त्यांतील बहुतेक भारतीय होते. कित्येकांच्या पायांत तर पाळत ठेवण्याचीं यंत्रें अडकविण्यांत आलीं. चालिकेस पुढें २०१४ सालीं सोळा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली, पण विद्यार्थ्यांचे पैसे व वर्षें कोण परत देणार? याहून विलक्षण प्रकार मिशिगन राज्यांतला. तेथील 'फार्मिंग्टन विद्यापीठ' हें गैरमार्गानें देशांत राहूं पाहणाऱ्यांस पकडण्यासाठीं खुद्द सरकारी खात्यानेंच मांडलेलें एक सोंग होतें. दफ्तरीं त्याची नोंद होती. पण त्यांत अध्यापक एकहि नव्हता व वर्ग भरतच नव्हता. २०१९ च्या जानेवारींत तें उघडकीस आलें, आणि शंभरांहून अधिक भारतीय तरुण अटकेंत पडले.

यावरून दुसरा प्रश्न आपोआप निघतो : तेथें शिकवितो कोण? विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, हिरवळ नव्हे, पुस्तिकेवरचें हंसऱ्या चेहऱ्यांचें चित्रहि नव्हे. ज्या शाखेंत तुम्ही जाणार, तिचा अभ्यासक्रम मागवून वाचा. अध्यापकांचीं नांवें पाहा. त्यांनीं काय लिहिलें आहे तें शोधा. तेथें शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास विनयपूर्वक पत्र लिहून विचारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेव्हां त्यांना तेथें अर्थशास्त्राचे सेलिग्मन व तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरु लाभले. त्या गुरूंच्या विचारांचा ठसा त्यांच्या पुढील लेखनावर व कार्यावर राहिला. शिष्याला आयुष्यभर पुरते ती अशी शिदोरी. प्रमाणपत्रावरची मोहोर तिच्यापुढें काय?

तिसरा प्रश्न : शेवटच्या दिवसापर्यंत पैसा कोठून येणार? मनोरा बांधूं पाहणारा शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, हा शुभवर्तमानांतील दृष्टान्त आमच्या शाळेंत सर्वांच्या परिचयाचा आहे. याबाबतींतहि बाबासाहेबांचेंच चरित्र पाहा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन ते अमेरिकेस गेले व तेथून १९१६ सालीं लंडनला आले. पण १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावें लागलें. पुढें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला. नवल भाथेना या मित्राकडून कर्ज घेतलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साह्य केलें. तेव्हां १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले व १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या पुरुषासहि पैशाअभावीं तीन वर्षें थांबावें लागलें, तेथें आपण सामान्यांनीं पहिल्या वर्षाच्या शुल्काची तरतूद झाली एवढ्यावर विमानांत बसणें किती धाडसाचें आहे!

शुल्काशिवाय इतर खर्चहि असतात. जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकवणीचें शुल्क घेत नाहींत, हें खरें आहे. तरी बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यांत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस २०१७ सालापासून दर सहामाहीस १,५०० युरो पडतात. आणि निर्वाहाचा पुरावा म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो, हा २०२४ सालीं ठरलेला आंकडा आहे, बंद खात्यांत आधींच ठेवावे लागतात. त्यांतून दरमहा ठराविक रक्कमच काढतां येते. इंग्लंडांत शुल्काखेरीज आरोग्यसेवेचा कर २०२४ सालापासून विद्यार्थ्यास दर वर्षीं ७७६ पौंड असा आहे. अमेरिकेंत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲम्हर्स्ट यांसारख्या थोड्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहतां निवड करतात, व निवड झाल्यावर त्याची जेवढी गरज असेल तेवढें साह्य देतात. पण तेथें चुरस अतिशय मोठी असते.

आपल्याकडेहि साह्याचीं साधनें आहेत. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं स्थापिलेला निधि उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्यांस आजहि कर्जाऊ शिष्यवृत्ति देतो. महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस मिळते. परंतु यांपैकीं पुष्कळशा योजना पदवीनंतरच्या शिक्षणासाठीं आहेत, हें ध्यानांत घ्यावें. म्हणून बारावी होतांच परदेशीं गेलेंच पाहिजे असा हट्ट धरूं नये, असें आम्हांस वाटतें. आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. होऊन गेले. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपेहि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून तयार होऊन गेले होते. पी हळद नि हो गोरी अशी घाई विद्येच्या प्रांतांत चालत नाहीं.

तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं म्हणजे मग अर्जास हात घालावा, आणि तोहि निदान एक वर्ष आधीं. प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. इंग्लंडांतील पदवी-अभ्यासक्रमांसाठीं 'यूकास' या एकाच संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो, व त्यांत पांच ठिकाणें निवडतां येतात. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकीं मात्र एकच निवडतां येतें. या दोहोंची आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत आदल्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरलाच संपते. २०२६ सालच्या प्रवेशापासून तेथें एका सलग निवेदनाऐवजीं तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं लागतात. अमेरिकेंत शेंकडों संस्थांसाठीं एक सामान्य अर्ज आहे. त्यांतील मुख्य निबंध ६५० शब्दांच्या आंत बसवावा लागतो. तेथें आगाऊ निर्णयाचा म्हणून जो एक प्रकार आहे, त्यांत जागा मिळाल्यास ती घेण्याचें बंधन असतें. म्हणून खर्चाचा मेळ बसल्याशिवाय त्या वाटेस जाऊं नये. जर्मनींत नुसत्या बारावीवर सरळ प्रवेश बहुधा मिळत नाहीं. येथील मान्य विद्यापीठांत एक वर्ष यशस्वी रीतीनें पुरें करावें लागतें, किंवा तेथील पूर्वतयारीच्या वर्गांत बसावें लागतें. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांस आपलीं प्रमाणपत्रें 'ए. पी. एस्.' या कचेरीकडून तपासून घ्यावीं लागतात. या तारखा व अटी बदलत असतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें सांगितलें तेवढ्यावर न राहतां विद्यापीठाचें स्वतःचें चालू वर्षाचें पत्रक वाचावें.

अर्जांतील निवेदनासंबंधीं एकच सांगणें आहे. तें विकत घेऊं नका. बाजारांत असलीं निवेदनें तयार मिळतात, आणि त्यांत लहानपणापासून यंत्रांचें वेड असलेला तोच तो मुलगा पुन्हां पुन्हां भेटतो. तुम्ही वडिलांची बंद पडलेली पाण्याची मोटर दोन दिवस खटपट करून चालू केली असेल, तर तेंच लिहा. ती चालू झाली नसेल, तर कां झाली नाहीं तें लिहा. वाचणाऱ्यास त्यांतून तुमची बुद्धि अधिक कळेल. एखाद्या वर्षीं गुण कमी पडले असतील तर त्याचें खरें कारण दोन ओळींत सांगा. आनंदीबाईंनीं आपली उणीव लपविली नाहीं, आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं.

पालकांनाहि येथें एक विनंति करावीशी वाटते. शिफारसपत्र मागण्यास तुम्ही आमच्याकडे येतां, तेव्हां "मुलगा वर्गांत पहिला होता असें लिहा" असा आग्रह कांहीं जण धरतात. मुलगा तिसरा असेल तर आम्ही तिसराच लिहूं. मात्र आजारी मित्रासाठीं त्यानें महिनाभर वह्या उतरवून दिल्या, प्रयोगशाळेंत फुटलेली नळी आपण होऊन कबूल केली, हेंहि लिहूं. आणि तें कोणत्याहि क्रमांकापेक्षां कमी मोलाचें नाहीं. एक खोटें पत्र उघडकीस आलें, तर या शाळेंतून पुढें जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पत्रावर संशयाची छाया पडेल. २०२३ सालीं कॅनडांत काय झालें तें वर्तमानपत्रांत आपण वाचलें असेलच. दलालानें दिलेलीं प्रवेशपत्रें बनावट होतीं, हें कित्येक भारतीय विद्यार्थ्यांस तेथें अनेक वर्षें काढल्यावर कळलें, आणि त्यांच्यावर देशाबाहेर घालवून दिले जाण्याची पाळी आली. खोटेपणा कोणीहि केला असो, त्याखालीं सही अर्जदाराची असते. म्हणून अर्जाचा प्रत्येक कागद मुलानें स्वतः वाचावा, स्वतः पाठवावा, व विद्यापीठाचें उत्तर दलालाच्या नव्हे, स्वतःच्या पत्त्यावर मागवावें.

मुलामुलींनो, इतकें सर्व करूनहि नकाराचें पत्र येईल, पुष्कळांना येतें. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. विद्यापीठ नाहीं म्हणालें, विद्या नाहीं म्हणाली नाहीं. आनंदीबाई पदवी घेऊन परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांना रुग्णसेवा करण्यास अवसर मिळाला नाहीं. तरी त्यांच्यामागून किती मुली त्या वाटेनें गेल्या, हें तुमच्या गांवच्या दवाखान्यांतील डॉक्टरीणबाईंकडे पाहिलें म्हणजे कळेल. आपण कशासाठीं जातों, हें त्यांना घर सोडतांना ठाऊक होतें. तुम्हांलाहि तें ठाऊक असावें, एवढीच आमची इच्छा. तें कळलें म्हणजे विद्यापीठ शोधणें कठीण नाहीं.

या शाळेचें दार जुन्या विद्यार्थ्यांस सदैव उघडें आहे. अनामत भरण्यापूर्वीं एकवार येथें या. परमेश्वर तुमच्या यत्नांस यश देवो.